टब झकास, पण त्याच्या पोटाला दारच नाही: ठाण्यातल्या बाथरूमचे नऊ महिने

5 बाय 8 फुटांचं बाथरूम, घोडबंदर रोडचा टॉवर, 5 फुटी अॅक्रिलिक टब, उरलेल्या फरशीखाली हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर फरशी तापवणारी वायरची जाळी. सातव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग खालच्या फ्लॅटच्या छतावर ताटलीएवढा ओला डाग उमटला. फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगने तर 48 तासांची पाणी साठवून घेतलेली चाचणी व्यवस्थित पार केली होती. घोळ त्यानंतरचा. टबाची 40 मिमी पाइप जागेवर बसेना म्हणून प्लंबरने त्याच कोटिंगवर छिन्नी चालवली आणि भोक नुसत्या सिमेंटने बुजवलं. त्यात टबाच्या वेस्ट कपलिंगचा, म्हणजे तळाचं भोक पाइपला जोडणाऱ्या जोडाचा, रबरी वॉशर ढिला पडला. टबाखाली उतार नसल्यामुळे थेंब थेंब पाणी आठवडेच्या आठवडे साचलं आणि त्या भोकातून झिरपलं.

वॉशर चाळीस रुपयांचा. बदलायला दहा मिनिटं. पण टबाच्या पुढची वीटभिंत सलग बांधून वर टाइल्स लावलेल्या, त्यामुळे सहा टाइल्स फोडल्याशिवाय हात आत जाईना. विक्रेत्याचं उत्तर: वॉरंटी टबाला आहे, फिटिंगला नाही. मग फिटिंगला माणूस पाठवला कोणी?

टब घेणाऱ्यांनी रंग, जेट, उशी या सगळ्याच्या आधी टबाखाली हात घालायला पुढच्या भिंतीत उघडणारं झाकण आहे का, ते पाहावं. वेस्ट ज्या टोकाला आहे त्याच टोकाला, किमान 12 बाय 12 इंच, म्हणजे कोपरापर्यंत हात आणि पान्हा दोन्ही आत फिरतील. टाइल अॅल्युमिनियमच्या चौकटीला चिकटवून आत चार लोहचुंबक, कडेला फक्त सिलिकॉनची बारीक रेघ. फटीत ग्राउट भरायचं नाही. मिस्त्री म्हणेल, दिसायला घाण दिसतं. दिसू दे.

वॉशर ढिला होतो कारण टब लवतो. पातळ अॅक्रिलिकचा तळ नुसत्या पायांवर ठेवला की माणूस आत बसल्यावर दोन-तीन मिमी खाली जातो आणि कपलिंग आवळून धरणारा चेकनट दर वेळी हलतो. तळाखाली वाळू-सिमेंटचा जाड थर देऊन त्यात टब दाबून बसवला की लवणं थांबतं. भिंतीलगतचं सिलिकॉन टब काठोकाठ भरून मगच मारायचं आणि 24 तास पाणी तसंच ठेवायचं. रिकाम्या टबाला मारलं तर पहिल्या आठवड्यातच फट सुटते.

गळती नेमकी कुठली, हे फोडण्याआधी कळतं. बूच लावून टब अर्धा भरा, पातळीवर पेन्सिलची खूण करा, रात्रभर ठेवा. पातळी उतरली आणि बूच घट्ट असेल तर दोष कपलिंगच्या वरच्या सीलमध्ये. पातळी तशीच, पण टब रिकामा करताना खाली ओल येत असेल, तर कपलिंगच्या खालचा जोड किंवा पाइप. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या, भोकापर्यंत भरल्यावरच ओल येत असेल तर तिथली गॅस्केट. झाकण असेल तर कोरडा टिश्यू पेपर फिरवून पाच मिनिटांत कळतं, नसेल तर हे सगळं खालच्या शेजाऱ्यांच्या छताकडे बघत करावं लागतं.

आता गरम फरशी. याबद्दलचं माझं मत पूर्ण बदललंय. ठाण्यात फरशी तापवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, असं पहिले पाच महिने वाटत होतं, आणि थंडीपुरतं ते आजही खरं आहे. पण जुलैत बाथरूम वाळतच नाही, ग्राउट काळं पडतं, पायपुसणं कुबट वास मारतं. आंघोळ झाल्यावर वायपर मारून 45 मिनिटं फरशी चालू ठेवली की ती खडखडीत. मॅट 2 चौरस मीटर, 300 वॉट. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला अर्धा युनिटही नाही, महिन्याला 13-14. महावितरणचं बिल 300 युनिटच्या काठावर असेल तर तेवढं लक्षात ठेवा, त्यापुढचा दर महाग.

बसवताना मल्टीमीटर तीनदा लावायचा: मॅट डब्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल्स बसल्यावर. 300 वॉटच्या मॅटचा रोध साधारण 176 ओहम यायला हवा, कंपनीच्या लेबलवर आकडा असतो. वळवताना फक्त जाळी कापायची, वायर कधीच नाही. टब आणि कमोडखाली मॅट नको, तिथे उष्णता कोंडते आणि स्क्रूचं ड्रिल वायरीत घुसतं. तापमानाचा सेन्सर वेगळ्या कंड्युटमध्ये (नळीत), म्हणजे बिघडला तर ओढून काढता येईल. थर्मोस्टॅट बाथरूमबाहेर, सर्किटवर 30 मिलीअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. खाली इन्सुलेशन बोर्ड नसेल तर बरीचशी ऊब कोबाच खातो.

टबाचा खरा खर्च पाण्यात आहे. एका वेळी 120 लिटर, आणि शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी दिवसाचं प्रमाणच 135 लिटर. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हे बोलायचीही सोय नाही. 25 लिटरचा 60 अंशांचा गिझर कोमट करून जेमतेम 58 लिटर देतो, पुढच्या खेपेला अर्धा तास थांबा, तोवर पहिलं पाणी निवतं. पाइप गॅसचा गिझर सलग पाणी देतो, पण तो बाथरूमच्या आत लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो.

वजनाची भीती मात्र फुकाची. माणसासकट भरलेला टब चौरस मीटरला 190 किलोच्या आसपास. जुन्या संकन (बाथरूमपुरत्या खाली घेतलेल्या) स्लॅबमधला 9 इंचांचा विटांच्या तुकड्यांचा भराव याहून जड असतो. त्याबद्दल कमिटीत कोणी तोंड उघडत नाही.

आता टब महिन्यातून दोनदा भरतो. मधल्या काळात ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या पाइपच्या वळणातलं, पाणी आटतं आणि गटाराचा वास येतो, म्हणून दर रविवारी टबात एक तांब्या पाणी. आणि हो, झाकण आता बसलंय. एका टाइलची छटा वेगळी आहे, कारण तो लॉट संपला.