तिसऱ्या खेपेला मंजुरी: दवाखान्याच्या एसएमएस पडताळणीचा अनुभव

दातांच्या दवाखान्याचं काउंटर मी सांभाळते. रूट कॅनल बऱ्याचदा दोन-तीन बैठकांत होतं. पहिल्या बैठकीनंतर ठणका थांबतो आणि पेशंट पुढची तारीख विसरून जातो. तात्पुरतं भरलेलं सिमेंट झिजलं किंवा निघालं की जंतू पुन्हा आत शिरतात आणि केलेलं काम वाया जातं. आठवण करून द्यायला रोज तासभर फोन करायचे, निम्मे लोक उचलायचेच नाहीत. म्हणून एसएमएस पाठवणाऱ्या एका कंपनीची सेवा घेतली. मेसेज वेळेवर जातात, सेवेबद्दल मी समाधानी आहे. पण मेसेज सुरू होण्याआधी कंपनी दवाखान्याची पडताळणी करते, तिने मात्र अठरा दिवस खाल्ले. पाचपैकी साडेतीन तारे देते.

अर्जात नोंदणीचं नाव, पत्ता, वेबसाइट, महिन्याला साधारण किती मेसेज जातील, कशासाठी, नमुन्याचे मेसेज आणि ग्राहकाची संमती कशी घेता याचा पुरावा, एवढं मागतात. अर्ध्या तासात भरून दिला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, ‘माहिती जुळत नाही.’ कुठली, ते नाही. नोंदणीचा कागद समोर ठेवून एकेक रकाना ताडून पाहिला तेव्हा कळलं. कागदावर दवाखान्याच्या नावापुढे ‘अँड असोसिएट्स’ आहे आणि मी पाटीवरचं नाव टाकलं होतं. मेसेजमध्ये पाटीवरचंच नाव हवं, कारण पेशंट तेच ओळखतो. त्यासाठी अर्जात खाली वेगळा रकाना आहे. नकार देताना चुकलेल्या रकान्याचं नाव एका ओळीत सांगितलं असतं तर माझे पाच दिवस वाचले असते. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

दुसऱ्या नकाराबद्दल मात्र तक्रार नाही. कारण होतं संमतीचा पुरावा अपुरा. आमच्या केसपेपरवर मोबाईल नंबरचा रकाना होता, बस्स. फाईलसाठी दिलेला नंबर म्हणजे मेसेजला दिलेला होकार नव्हे, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. आता नंबरखाली वेगळी ओळ आहे: अपॉइंटमेंटची आठवण एसएमएसने हवी का? पुढे रिकामी चौकट. टिक पेशंटने स्वतः करायची, आम्ही आधीच करून ठेवायची नाही. पुरावा म्हणून फोटो काढताना हाताशी आलेला केसपेपर घेतला आणि अपलोड करणार तोच लक्षात आलं, हा तर भरलेला आहे! नाव, नंबर, आजार, सगळं त्यावर. तो फोटो पुसला, कोऱ्या कागदाचा काढला. कोराच फॉर्म जोडा, ही सूचना अर्जावर ठळक हवी होती. ती नाही.

तिसऱ्या वेळी आधी हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या ताईंनी माझ्यासोबत अख्खा अर्ज वाचला. नमुन्याच्या मेसेजमध्ये मी नकाशाची छोटी केलेली लिंक दिली होती. अशी लिंक कुठे नेते ते दिसत नाही, फसवणारे तिचाच आधार घेतात, म्हणून ती अडते, असं त्यांनी नीट समजावलं. लिंक काढली. उपचाराचं नावही मी काढून टाकलं, फोन घरात कुणाच्याही हातात असू शकतो. मंजुरी आली. अर्धा तारा या ताईंचा.

मराठीत मेसेज पाठवणार असाल तर लांबी आधीच बघा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मजकूर मावतो, एक बाइट म्हणजे आठ बिट. रोमन अक्षराला सात बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात, देवनागरीला सोळा लागतात म्हणून ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘उद्या’ डोळ्यांना दोन अक्षरी, मोजणीत पाच: उ, द, हलन्त, य, काना. इंग्रजी मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी अख्ख्या मेसेजची मर्यादा ७० होते. लांब मेसेजचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात आणि पैसे तुकड्यागणिक जातात. माझा पहिला मजकूर तीन तुकड्यांचा होता. आता ‘उद्या ११ वाजता तुमची अपॉइंटमेंट आहे.’ आणि पुढे दवाखान्याचं नाव. एका मेसेजात बसतं, आणि तरीही मराठीत राहतं. मराठी मी सोडणार नव्हते, आमचे म्हातारे पेशंट तेच वाचतात.

एक गोष्ट त्यांनी सुधारायलाच हवी. ‘स्टॉप’ हा इंग्रजी शब्द उत्तरात आला की नंबर यादीतून आपोआप निघतो, ते मी माझ्या फोनवर तपासलं. पण गेल्या आठवड्यात दोघांनी मराठीत ‘नको’ असं लिहून पाठवलं, ते यंत्रणेला कळलं नाही. रोज संध्याकाळी आलेली उत्तरं मी स्वतः वाचते, म्हणून सापडले. दोघांचे नंबर हाताने काढले.