सात महिने गणिताच्या कोर्ससोबत: एका आर्ट्सवाल्याचा अनुभव

दहावीला गणितात ४१ मिळाले आणि मी आर्ट्सला पळालो. बी.ए.ला इतिहास होता म्हणून निभावलं. आता नोकरी सांभाळून अर्थशास्त्रात एम.ए. करायला घेतलं, तर पहिल्याच पेपरात विकलन (डिफरन्सिएशन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते ते काढणं) आडवं आलं. मग पायाभूत गणिताचा १,४९९ रुपयांचा रेकॉर्डेड कोर्स घेतला. नाव देत नाही.

शेकडेवारीचा भाग झकास. ८० रुपयांना घेतलेली वही १०० ला विकली, तर नफा खरेदीवर २५ टक्के आणि विक्रीवर २०. मामाचं स्टेशनरीचं दुकान आहे, तो हे तोंडी करतो. मला पस्तिशीत कळलं! चक्रवाढ व्याजही नीट शिकवलंय.

घोडं अडलं ते मागणीच्या आलेखावर. मागणी = १०० − २ × किंमत. शाळेत शिकल्याप्रमाणे किंमत आडव्या अक्षावर घेतली, चढ आला −२. पुस्तकातली रेषा वेगळीच, तिचा चढ −½. दोन रात्री मी स्वतःलाच मठ्ठ ठरवलं. मग कळलं, अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलच्या काळापासून अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर घ्यायची रीतच आहे. कोर्सवाल्या सरांनी यावर चकार शब्द काढलेला नाही. शंका विचारली तर उत्तर आलं, 'व्हिडिओ पुन्हा पाहा.'

विकलन मात्र याच उदाहरणावर डोक्यात शिरलं. किमतीला मागणीने गुणलं की एकूण विक्री: १०० × किंमत − २ × किंमत². ही विक्री कोणत्या किमतीला सर्वात जास्त होते ते काढायचं होतं. शिखरावर वाढ थांबते, म्हणून विकलन करून शून्याशी मांडलं, किंमत आली २५. विश्वास बसेना म्हणून हाताने ताळा केला. २४ ला १,२४८ रुपये, २६ लाही १,२४८ आणि मधे २५ ला १,२५०. त्या दोन रुपयांनी मला जो आनंद दिला तो अख्ख्या कोर्सने दिला नाही.

चाचण्या सगळ्या बहुपर्यायी, त्यामुळे चारातलं एक उत्तर ठोकून ८० टक्के मिळतात आणि कोरा कागद समोर आला की हात थिजतो. मी व्हिडिओ थांबवून आधी वहीत सोडवायला लागलो तेव्हा कुठे गाडी हलली. वीस मिनिटांच्या व्हिडिओला तास लागतो. रोज तेवढा वेळ काढता येत असेल तरच घ्या, आणि सवलत लागल्यावर घ्या. मी घाई केली, पुढच्याच आठवड्यात तोच कोर्स ९९९ ला होता.

मॅट्रिक्सचे धडे अजून उघडलेले नाहीत.