कोंबडीच्या चोचीसाठी ढोरांचा दवाखाना? हो, न्याच!

रेटिंग 4/5. आमच्या शहादा भागात कोंबडीला कुणी दवाखान्यात नेत नाही, आजारी दिसली की कापून मोकळं व्हायचं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

तालुक्याच्या सरकारी ढोरांच्या दवाखान्यात आमची वनराजा जातीची कोंबडी नेली होती. वरची चोच पोपटासारखी वाकून खाली आलेली, दादर ज्वारीच्या दाण्यावर टोचा मारायची पण दाणा काही उचलला जायचा नाही, वजन उतरलेलं आणि पंखाखाली उवाच उवा, कारण पिसं साफ करायला पण चोचच लागते ना. बाजारातल्या एका दुकानदाराने कॅल्शियमचं टॉनिक दिलं होतं, काडीचा फरक नाही पडला.

डॉक्टरांनी आधी चोचीला हातच लावला नाही. नाकातून पाणी येतं का, मान टाकते का, खुराड्यात अजून कोणी मेली का, सगळं विचारलं. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 ला आपल्या नवापूरलाच निघाला होता, त्यामुळे हे विचारलंच पाहिजे. मग तोंड उघडून आत बघितलं, तुऱ्यावर देवी रोगाच्या खपल्या आहेत का तेही पाहिलं.

नंतर जुन्या टॉवेलात पंखांसकट गुंडाळली, डोळ्यावर कपडा टाकला तशी गपगार झाली, आणि मोबाईलचा टॉर्च चोचीच्या मागून धरला. आतला गुलाबी भाग बरोबर दिसतो, तिथे रक्त आणि नसा असतात, त्याच्या पुढचं पिवळट टोक म्हणजे नुसतं केराटिन, आपल्या नखासारखं, तेवढंच कमी करायचं. कटर नाही, बारीक कानशीने हळूहळू घासलं. शेजारच्या काकूंनी घरी नेलकटर लावला होता तर चोच उभी चिरली आणि रक्त थांबेना, म्हणून इथे एक थेंब आला नाही हे बघून जीव भांड्यात पडला. वरची चोच खालचीपेक्षा जराशी पुढे असतेच, तेवढी ठेवली. सगळी एकदम नाही काढली, राहिलेली पुढच्या आठवड्यात घासू म्हणाले.

चोच आयुष्यभर वाढते आणि दगडमातीत टोचून झिजते. आमच्या कोंबड्या कुत्र्यांच्या भीतीने दिवसभर आत तुसावरच, मग झिजणार कशी? आता खुराड्यात एक खरबरीत वीट ठेवलीय, भरडा ओला करून तिच्यावरच टाकतो.

सोबत एक तलंग (तरुण कोंबडी) पण नेली होती, तिची वरची चोच एकीकडे आणि खालची दुसरीकडे. तिच्याबद्दल खोटी आशा दाखवली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सरळ होणार नाही, अधूनमधून घासावी लागेल, खोल भांड्यात ओला भरडा तिच्या छातीच्या उंचीवर ठेवा, आणि तिची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवू नका कारण पिल्लांत उतरू शकतं, असं स्पष्ट सांगितलं.

एक स्टार कापला कारण उवांची पावडर बाहेरून आणावी लागली आणि बाजाराच्या दिवशी गाई-बैलांमागे नंबर लागतो. 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन केला तर फिरतं पथक असतं, पण चोचीसाठी डाल्यात घालून सकाळी लवकर गेलेलं बरं, टॉवेल घरूनच न्या.