ईको हिट होते म्हणून गेले आणि २५,८५० रुपयांना गंडवलं गेलं, नाशिककरांनो वाचा

२५,८५० रुपये घेतले माझ्याकडून. गाडीला खरं काम होतं ६२० रुपयांचं, रिले (फॅनला करंट जोडणारा छोटा स्विच) ३२० आणि मजुरी ३००. आकडे मुद्दाम आधीच सांगतेय, कारण लोक म्हणतात जुन्या गाडीला खर्च होणारच, त्यात फसवणूक कसली. ही फसवणूकच आहे आणि कशी ते वाचा.

माझी मारुती ईको व्हॅन २०१२ ची, सीएनजी, एसी नाही, २ लाख १४ हजार किलोमीटर झालेली. सिडकोतून अंबड आणि सातपूर एमआयडीसीतल्या कंपन्यांना मी डबे पोचवते, दुपारी साडेबाराच्या आत डबा गेला नाही तर पुढच्या महिन्याची ऑर्डर गेली म्हणून समजा. एप्रिलमध्ये गाडी हिट व्हायला लागली. द्वारकाला किंवा मुंबई नाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकली की पाणी उकळून बाहेर, पण हायवेला लागली की बरी चालायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हीच महत्त्वाची आहे.

ओळखीतल्या एकाने द्वारकाजवळचं एक गॅरेज सांगितलं. मोठं गॅरेज, चार-पाच पोरं कामाला, बाहेर गाड्यांची रांग, म्हणजे संशय यावा असं काहीच नव्हतं. त्या माणसाने सीट उचलली, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, कॅप न लावताच गाडी चालू केली आणि मला बोलावून दाखवलं, "बघा ताई, बुडबुडे. गॅस येतोय पाण्यात. हेड गॅस्केट उडालंय. सीएनजीवर हेड लवकर जातंच." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पातळ सील.) मग ऑइलचं झाकण काढून आतला पांढरट चिकट थर बोटाने दाखवला, म्हणे पाणी ऑइलमध्ये उतरतंय, अजून चालवली तर इंजिन जाम होईल आणि मग साठ हजार.

आता सांगा, यात मी काय ओळखायला पाहिजे होतं? बुडबुडे डोळ्यांनी दिसत होते, पांढरं डोळ्यांनी दिसत होतं, आणि सीएनजीने हेड-वॉल्व्ह जातात हे तर रिक्षावाल्यांपासून सगळे बोलतात. नंतर कळलं की नुकतंच पाणी भरलेल्या सिस्टीममध्ये अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघतेच, ईकोत तर रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, मध्ये लांब पाइप, त्यामुळे हवा निघायला अजून वेळ लागतो. आणि झाकणाखालचा पांढरा थर छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेनेही धरतो. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल दुधाळ झालं असेल तर घाबरायचं, नुसतं झाकण बघून नाही. डिपस्टिक त्याने काढलीच नाही.

१०,००० ॲडव्हान्स यूपीआयने दिले. क्यूआर कोड गॅरेजच्या नावाचा नव्हता, कोणा बाईचं नाव आलं, म्हणाला मिसेसचं अकाउंट आहे. आठवडाभर गाडी तिथे, आणि मी रोज ९०० रुपये देऊन भाड्याचा छोटा हत्ती लावून डबे पोचवत होते, ते पैसे वेगळेच. गाडी न्यायला गेले तेव्हा कच्च्या कागदावर हिशोब: हेड गॅस्केट सेट ३,९००, हेड फेसिंग १,८००, वॉल्व्ह ग्राइंडिंग २,४००, वॉटर पंप २,६५०, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल्व्ह) १,२००, रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) १,६००, ऑइल-फिल्टर १,९००, कूलंट ९००, मजुरी ९,५००. उरलेले १५,८५० रोख मागितले, पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल म्हणाला. हातात पैसे मोजून असताना कोण म्हणतं की लाव वर जीएसटी? आपल्याकडे सगळे असंच करतात, मी एकटीने नाही केलं.

आणि आता ती गोष्ट जी आठवली की अजून डोकं फिरतं. मी म्हटलं जुने पार्ट दाखवा. एवढं तरी मी विचारलं, बरेच जण विचारत पण नाहीत. त्याने पोराला हाक मारली, पोराने एक काळं पडलेलं, कडेला जळलेलं गॅस्केट आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी उलटून पालटून बघितलं, नवऱ्याला दाखवायला फोटो काढला. त्या गॅस्केटला मोठी गोल भोकं तीन होती. तीन! ईकोचं इंजिन चार सिलेंडरचं. गॅस्केटला जेवढे सिलेंडर तेवढी मोठी भोकं, चौथं कुठे गेलं? ते ओम्नीचं नाहीतर जुन्या आल्टोचं होतं, त्यांचं ८०० सीसीचं इंजिन तीन सिलेंडरचं. गॅरेजच्या भंगारातून उचलून माझ्या हातात दिलं आणि मी ते हातात धरून उभी होते. फोटो आजही मोबाईलमध्ये आहे, स्वच्छ मोजता येतात. पण आपल्या गाडीला सिलेंडर किती हे किती जणांना माहीत असतं? दहा वर्षं गाडी चालवतेय, हे कोणी कधी सांगितलंच नाही आणि कळायची गरजही पडली नाही.

दुसरी गोष्ट तिथेच झाली. चावी फिरवली की लगेच पुढचा फॅन सुरू व्हायला लागला, इंजिन गार असताना सुद्धा. मी विचारलं, तर म्हणाला नवीन गॅस्केट बसेपर्यंत फॅन चालूच ठेवलाय. गॅस्केटचा आणि फॅनचा काय संबंध! पण तो इतक्या ठामपणे बोलला, आणि आजूबाजूला चार पोरं हसत उभी, तिथे बाईमाणसाने किती वाद घालायचा.

गाडी मग ठीक चालली, द्वारकाला पण हिट होईना, त्यामुळे काम झालं असंच वाटलं. जूनमध्ये कल्याणला लग्नाला गेलो, येताना कसारा घाटात ट्रकमागे रांगत चढताना पुन्हा पाणी उकळलं. पोरं गाडीत, बाहेर पाऊस. टोचनवाल्याने ४,५०० घेतले. गाडी सरळ सातपूरच्या एका वयस्कर मेकॅनिक काकांकडे टाकली, आमच्या गल्लीतले टेम्पोवाले त्यांच्याकडेच जातात.

काकांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "ताई, उभी असताना हिट होते का पळताना?" बस. हा प्रश्न. फुकटचा प्रश्न, जो त्या चोराने विचारला नाही कारण त्याला उत्तर आधीच माहीत होतं. गाडी पळताना समोरून वारा लागतो, फॅनची गरज फारशी नसते. उभी असताना किंवा रांगताना फक्त फॅनच रेडिएटर गार ठेवतो. म्हणजे उभी असताना हिट होणारी आणि हायवेला बरी असणारी गाडी म्हणजे आधी फॅन बघायचा, त्याची मोटर, फ्यूज, रिले, सेन्सर. उलट हायवेला जोरात असताना हिट होत असेल तर रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट, वॉटर पंप. वरचा पाइप तापलेला आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर तुंबलाय. हे दहा मिनिटांचं काम आहे हो.

काकांनी मला शेजारी उभं करून सगळं दाखवलं. फॅनच्या मोटरला बॅटरीवरून सरळ करंट दिला, गरगर फिरली. रिले मेलेला. त्या मेलेल्या रिलेला बगल देऊन चावीच्या लाइनवरून एक पातळ वायर डायरेक्ट मारली होती, वर काळी टेप, आणि तो जोड तापून सुटला होता. म्हणजे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की फक्त फॅन चालत नाही! मग टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडवरच्या झाकणाचे बोल्ट दाखवले, वर्षानुवर्षांचा तेलकट मळ तसाच, पाना लागल्याची एक खूण नाही. हेड उघडलंच नव्हतं. डिपस्टिकला काळंकुट्ट ऑइल, टाकीत कूलंटच्या जागी गंजकं साधं पाणी. रेडिएटर रॉडिंगचे १,६०० ऐकून काका म्हणाले ह्याच्या टाक्या प्लास्टिकच्या आणि कोर ॲल्युमिनियमचा, ह्याला रॉडिंग कोण करतं, ते जुन्या पितळी रेडिएटरचं काम. शेवटी रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवली, त्यात निळं पाणी असतं, इंजिनातला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. बराच वेळ गाडी चालवली, निळं ते निळंच. गॅस्केट कंपनीचंच, एकदम ठणठणीत. हेड गॅस्केट गेलं म्हणणाऱ्याला ही टेस्ट करून दाखव म्हणा, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब चेक कर म्हणा. नाही म्हणाला की गाडी काढा तिथून.

मी त्या गॅरेजला गेले फोटो घेऊन. आधी ओळख दाखवेना, मग म्हणाला पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं दाखवलं असेल, मग आवाज चढवला.

पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, बिल कुठंय. दुसरं वाक्य, हे दिवाणी मॅटर आहे. तिसरं, गॅरेज आमच्या हद्दीत येत नाही. मग हद्दीतल्या ठाण्यात गेले, तिथे साहेब बंदोबस्ताला गेलेले, उद्या या. उद्या गेले तर दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा, आणि ऐकून म्हणतात "मॅडम, गाडी चालू झाली होती ना? मग फसवणूक कशी?" अहो माझ्या हातात दुसऱ्या गाडीचं गॅस्केट दिलं, ही फसवणूक नाही तर काय! अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत. मला नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं की १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती घ्यायचीच असते. हद्दीचं कारण चालत नाही. आणि फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. हे मला माहीत नव्हतं, ठीक आहे, पण खुर्चीवर बसलेल्यांना माहीत नव्हतं का? का बाई एकटी आली, डबेवाली आहे, दोन चकरा मारून गप्प बसेल असं वाटलं?

एका सरकारी कार्यालयात तर ऐकायला मिळालं की गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे एवढं सरळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर धंद्याचा धरत नाहीत. माझे डबे म्हणजे काय कारखाना आहे? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. टेबलावरच्या माणसाने हे चार शब्द सांगितले असते तर माझे अर्धे महिन्याचे हेलपाटे वाचले असते.

तर ऐका. पक्कं बिल घ्याच, जीएसटी लागला तरी. पैसे गॅरेजच्या नावावरच टाका, घरच्या कोणाच्या नावावर नाही. हेड उतरवणार असतील तर उतरवलेलं असताना बोलवा म्हणा, समोर बघा, व्हिडिओ काढा. जुना पार्ट फक्त बघू नका, घरी घेऊन या, आणि गॅस्केटची भोकं मोजा. आणि गरम गाडीची रेडिएटर कॅप कोणी सांगितलं तरी उघडू नका, भाजाल.

माझी तक्रार ऑनलाइन गेलीय, गॅस्केटचा फोटो, यूपीआयची पावती, कच्चा कागद आणि काकांचं सही केलेलं ६२० चं बिल जोडलंय. द्वारका भागात ईको किंवा ओम्नी देऊन कोणाला असंच "बुडबुडे" दाखवून हेडचं काम लावलं असेल तर कागद फेकू नका आणि मला कळवा, दोन-तीन जण असलो तर पोलीस आयुक्तालयात एकत्र लेखी अर्ज देऊ आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.