क्लायंटची कागदपत्रं, बाबांचे रिपोर्ट आणि चॅटबॉट: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

माझं काम अकाउंट्सचं. छोट्या दुकानदारांचं जीएसटी, पगारदारांचे रिटर्न, नोटिसा आल्या की उत्तरं, आणि घरी बाबांच्या डायबेटिसची फाईल. म्हणजे चॅटबॉटला जे काही विचारायचं ते कुणाच्या तरी खाजगी गोष्टींशी जोडलेलंच असतं. चॅटजीपीटी आणि गूगलचं जेमिनाय दोन्ही बरेच महिने रोज वापरतेय, लॅपटॉपवर ओलामा पण टाकलंय, म्हणजे एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर. प्रायव्हसी सांभाळून हे जमतं का तर जमतं, पण सेटिंगपेक्षा पेस्ट करायच्या आधीचा अर्धा मिनिट जास्त महत्त्वाचा, असं माझं मत झालंय.

सेटिंगचं आधी उरकते. चॅटजीपीटीत सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स, तिथलं 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' बंद करायचं, म्हणजे आपले चॅट मॉडेलला शिकवायला (ट्रेनिंगला) वापरत नाहीत. पर्सनल अकाउंटला ते आधीपासून चालूच असतं, पैसे भरले असले तरी. बंद केल्यावर उत्तरांत मला काहीच फरक जाणवला नाही. पण उत्तराखाली अंगठ्याचं बटण असतं ना, ते दाबलं की अख्खी चर्चा फीडबॅक म्हणून जाते आणि सेटिंग बंद असूनही ट्रेनिंगला वापरली जाऊ शकते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मी ते दाबतच नाही, उत्तर कितीही छान आलं तरी. आणि मेमरी, म्हणजे तो आपल्याबद्दल लक्षात ठेवतो ते, वेगळी बघायची, चॅट डिलीट केला तरी मेमरीत साठवलेलं तसंच राहतं, ते तिथे जाऊन पुसावं लागतं.

चॅटजीपीटीतलं टेम्पररी चॅट मला सगळ्यात आवडलं. हिस्टरीत दिसत नाही, मेमरीत जात नाही, ट्रेनिंगला घेत नाहीत, फक्त कंपनी ३० दिवसांपर्यंत प्रत ठेवू शकते. तरी पण डिलीट म्हणजे गायब असं धरून चालू नका. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात अमेरिकेतल्या कोर्टाने ओपनएआयला, म्हणजे चॅटजीपीटीच्या कंपनीला, युजरनी डिलीट केलेले चॅटसुद्धा जपून ठेवायला लावले होते आणि सप्टेंबरपर्यंत ते तसंच चालू होतं. डॉक्टर-वकिलाशी बोललेल्याला कायद्याचं जसं संरक्षण असतं तसं चॅटबॉटशी बोललेल्याला नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी स्वतःच त्याच जुलैत सांगितलंय.

जेमिनाय या बाबतीत मला कमी पटलं. ॲक्टिव्हिटी, म्हणजे चॅटची नोंद ठेवायची सेटिंग, बंद केली तरी चॅट ७२ तासांपर्यंत ठेवतात, ते एक वेळ ठीक, पण ॲक्टिव्हिटी चालू असताना एखादा चॅट माणसांनी तपासायला घेतला तर तो ३ वर्षांपर्यंत राहू शकतो, तुम्ही तुमच्याकडून डिलीट केलात तरी. तपासणाऱ्याने बघू नये असं वाटतं ते इथे टाकू नका, असं गूगल स्वतःच लिहितं. २०२५ मध्ये जिओसोबत जेमिनायचा पेड प्लॅन फुकट आला, एअरटेलसोबत पर्प्लेक्सिटी या एआय सर्चचा आला, चॅटजीपीटी गो पण वर्षभर फुकट मिळालं. असं काही मिळालं तर घ्या की, मी पण घेतलंय, पण घेतल्या घेतल्या आधी सेटिंग बघा, मग प्रश्न विचारा.

आता पेस्ट करण्याचं, कारण खरी गळती इथे होते. लोक पॅन नंबर काळजीने खोडतात आणि जीएसटी नंबर तसाच ठेवतात. अहो, जीएसटी नंबरात पॅन आख्खा असतो! पहिले दोन आकडे राज्याचे, आपलं महाराष्ट्र २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ पॅन. बँक स्टेटमेंटचं पण तेच, खाते नंबर झाकला तरी नॅरेशनमध्ये, म्हणजे व्यवहाराच्या तपशिलात, समोरच्याचं नाव आणि यूपीआय आयडी असतो, तो बऱ्याचदा मोबाईल नंबरच असतो, आणि त्या बिचाऱ्याला तर कुणी विचारलेलंही नसतं. म्हणून मी स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेऊन नॅरेशनचा कॉलम उडवते, त्या जागी 'भाडं', 'माल खरेदी', 'पगार' असं लिहिते, मग टाकते. आयकराची नोटीस आली तर पीडीएफ चढवायची नाही, एवढंच लिहायचं: पगारदार व्यक्ती, जुनी करप्रणाली, १४३(१) मध्ये घरभाडं भत्त्याची सूट नाकारली, फॉर्म १६ मध्ये दाखवलेली आहे, उत्तर कसं द्यावं. मसुदा तितकाच चांगला येतो. माझ्या कामात नाव दिल्यामुळे उत्तर सुधारलं असं एकदाही दिसलं नाही.

नुसतं नाव काढूनही भागत नाही बरं का. 'येवल्यातलं पैठणीचं दुकान, मालक माजी नगरसेवक' असं लिहिलंत तर नाव कशाला हवंय, अख्ख्या गावाला कळेल. 'कापडाचं दुकान' पुरतं.

बाबांच्या रिपोर्टचा फोटो मी देत नाही. वरच्या पट्टीत नाव, वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, लॅबचा पेशंट नंबर, कोपऱ्यात क्यूआर कोड, आणि तो स्कॅन केला की काही लॅबचा पूर्ण रिपोर्ट उघडतो. त्यापेक्षा आकडे टाईप करते: पुरुष, सत्तरीच्या पुढे, एचबीए१सी ७.४, क्रिएटिनिन १.३, मेटफॉर्मिन चालू, डॉक्टरांना काय विचारू. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

नोकरी करणाऱ्यांनी ऑफिसचा नियम आधी विचारा. सॅमसंगच्या लोकांनी २०२३ मध्ये कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने असली टूल्सच बंद केली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही २०२५ च्या सुरुवातीला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती वापरू नका म्हणून सांगितलं. शेअर लिंक पण जपून, त्याच वर्षी लोकांनी शेअर केलेले चॅट गूगल सर्चमध्ये दिसायला लागले होते, नंतर ओपनएआयने ती सोय काढून टाकली.

जे कुठल्याच कंपनीकडे जाऊ नये ते मी ओलामावर गूगलचं जेमा मॉडेल टाकून करते. चार अब्ज पॅरामीटरवालं (हा मॉडेलचा आकार, म्हणजे छोटंच) डाऊनलोड केलं, तीन-साडेतीन जीबीचं आहे, १६ जीबी रॅमवर चालतं, एकदा उतरलं की वायफाय बंद करूनही चालतं. इंग्रजी पत्राचा मसुदा, लांबलचक करारनामा आटोपशीर करणं हे जमतं, मराठी मात्र मधेच हिंदीकडे झुकतं आणि कलमांचे आकडे ठोकून देतं, म्हणून कायद्याचा प्रश्न त्याला विचारत नाही. वाटणीपत्राचे मसुदे, घटस्फोटाच्या केसमधले एखाद्या क्लायंटचे खर्चाचे तक्ते एवढंच त्याच्यावर करते, आणि त्यासाठी हळू चाललं तरी मला चालतं.