चित्रवही, रंगपेटी आणि वॉटर ब्रश : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन वस्तू घेतल्या : ए-५ आकाराची २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कागदाची) चित्रवही, जलरंगांच्या बारा अर्ध्या वड्यांची (हाफ पॅनची) पत्र्याची रंगपेटी आणि दांड्यात पाणी भरायचा वॉटर ब्रश. घेतल्या प्रवासासाठी. आता वहीची मोजकीच पानं उरलीत, म्हणून सविस्तर लिहिते. कंपन्यांची नावं देत नाही.

तक्रारी वहीबद्दलच जास्त. २०० जीएसएम कागद पेनाला आणि हलक्या रंगाला पुरतो, पण पाणी जरा सढळ झालं की पान वाळताना वळतं. कागद लाकडाच्या लगद्याचा, सुती कागदाइतका वेळ ओल धरत नाही. मोठा भाग रंगवताना मध्येच कड उमटते. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर याचा पुरता प्रत्यय आला. एप्रिलचं ऊन, वर वारा. खालच्या पायऱ्यांपर्यंत ब्रश पोचेतो वरच्या पायऱ्या वाळून खडखडीत. वसईच्या १७३९च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे, ती मग नुसत्या पेनानेच काढली. वहीतलं सगळ्यात बरं पान तेच.

रंगपेटीवर मात्र मी खूश आहे. बारा रंग भरपूर होतात. आपल्याकडच्या घाटांचा, किल्ल्यांचा काळा दगड रंगवायला तयार काळ्याला हातसुद्धा लावू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घातला की सावलीतला दगड, तांबूस जास्त घातला की उन्हातला. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खड्ड्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. पावसाळ्यात पेटी ओली असतानाच मिटली तर वड्यांवर बुरशी येते. डिंक आणि ओल, दुसरं काय होणार! रंगवून झाल्यावर ती पंख्याखाली उघडी ठेवायची. लाल घेताना वेष्टनावरचा रंगद्रव्याचा कोडही बघा. पीआर ८३ म्हणजे जुना अलिझारिन क्रिमसन, तो उजेडात फिका पडतो. बंद वहीत चालून जाईल, भिंतीवर लावायच्या चित्रात नको.

वॉटर ब्रश सोयीचा, पण लहरी. एसटीत, रेल्वेत वाटीभर पाणी सांभाळावं लागत नाही हे खरं. पण दांडा जरा जास्त दाबला गेला की टपकन थेंब पडतो आणि रंगवलेल्या आकाशात फुलकोबी उगवते, म्हणजे कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. विमानात न्यायचा तर रिकामा करून न्या. अर्धवट भरलेला असेल तर आतली हवा वर गेल्यावर फुगते आणि पाणी बाहेर ढकलते.

काही जण प्रवासाची वही वेगळी ठेवतात. मला ते पटत नाही. अशी वही पुढच्या सहलीची वाट बघत कपाटात पडून राहते आणि हात बसत नाही. माझ्या वहीत मेणवलीच्या समोरच्या पानावर दळणाचा डबा आहे, खाली ‘गहू ५ किलो, जाडसर नको’ ही चिठ्ठीही तशीच उतरवलीय. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरच्या पावट्याच्या शेंगा काढल्या, त्या पानाला फोडणीचा डाग आहे. घरच्या ग्रुपवर दोन्ही पानं एकत्रच टाकली. घाटाला नुसते अंगठे आले. डब्यावर मात्र मावशीने लगेच विचारलं, “अगं, हा आपला पितळी डबा ना? झाकण कुठंय त्याचं?” मग तिने त्याच्या खरेदीची अख्खी हकिगतच व्हॉइस मेसेजमध्ये पाठवली. तीही आता पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलीय.

असे फोटो टाकायचे तर खिडकीपाशी, उन्हाची तिरीप नसलेल्या जागी काढा. स्कॅनिंगच्या ॲपमधला कागदपत्रांचा पर्याय वापरू नका, तो कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात फिके रंग पुसून टाकतो.

पेटी पुढेही हीच, संपलेल्या वड्यांत ट्यूबमधला रंग भरून वाळवायचा. ब्रशही राहू दे. वही मात्र परत ही घेणार नाही. २२ × ३० इंची ३०० जीएसएम सुती कागदाचे आठ तुकडे करून मधोमध दुमडले की ३२ पानं होतात. आमच्या इथला बाइंडर ती दोऱ्याने शिवून द्यायला तयार आहे, फक्त पुठ्ठा आपला आणा म्हणतो.