साडेसहा हजारातला बांबूचा फ्लाय रॉड, घ्यावा का?
फ्लाय रॉड म्हणजे फ्लाय (खोटा हलका किडा) फेकून मासे धरायची काठी. ऑनलाइन मागवला, आठ फुटी, पाच नंबरच्या लाइनचा (लाइन म्हणजे फेकायची जाड दोरी, नंबर तिच्या वजनाचा). नामवंत कारागिरांचे रॉड लाखाच्या पुढं जातात, त्या मानानं हा लईच स्वस्त. बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी करतात, ते काम यात खरंच नीट झालंय, जोडावरून नख फिरवलं तरी कुठं अडकत नाही. वार्निश मात्र जाड थापलंय, लाइन ओवायच्या रिंगांपैकी टोकाकडच्या एकीच्या दोऱ्यावर थेंब तसाच वाळलाय. पितळी फेरूल (काठीचे तुकडे जोडणारी नळी) सुरुवातीला इतकं घट्ट की दोघांनी धरून ओढावं लागलं, मेण लावल्यावर ठीक झालं (पिळायचं नाही हां, सरळच ओढायचं).

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर सकाळी नेतो. ग्रॅफाइटच्या (कार्बन फायबरच्या) रॉडची सवय असेल तर हा मंद वाटतो, लाइन मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, घाई केली की सगळा गुंता. पण काठालगत वीस-तीस फुटांवर फ्लाय इतकी अलगद टेकते ना, बास! चिलापी लागली की वाक पार मुठीपर्यंत येतो, प्रत्येक झटका तळहातात कळतो, अर्ध्या किलोचा मासा पण दणकट वाटतो. उजनी बॅकवॉटरला वारं सुटलं की मात्र लांब फेकायला कमी पडतो, तिथं ग्रॅफाइटच न्या.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडीत अजिबात ठेवू नका, उष्णतेनं काठी वाकडी होते, चिकटवलेलं सुटू शकतं. ओला झाला तर पुसून, वाळवून, उभा टांगा. रील (लाइन गुंडाळायची चकरी) वेगळं घ्यावं लागतं, जरा जडच घ्या म्हणजे तोल मुठीजवळ राहतो.